सामाईक खोलीतील संगीत



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने पगारवाढ, बोनस, कंत्राटी पद्धत या विषयांवर बोलावे, ही अपेक्षा रास्तच आहे. मी आज घरात स्टिरिओ कसा लावावा, या विषयावर बोलणार आहे, म्हणून काहींना नवल वाटले असेल. परंतु नवल वाटण्याचे कारण नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांचे सहकारी यांच्या खटपटीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी, ही मागणी तर जगभरच्या कामगारांनी केली. ते शेवटचे आठ तास मिळाल्यावर माणसाने करायचे काय, आणि मुख्य म्हणजे ते कुठे करायचे, हा प्रश्न मात्र आपण फारसा चर्चेला घेत नाही. एका खोलीत पाचसहा माणसे राहत असतील, तर एकाची फुरसत ही दुसऱ्याची झोपेची वेळ असते आणि तिसऱ्याची अभ्यासाची. त्या खोलीत चांगले गाणे ऐकता येईल काय? माझे उत्तर असे की, येईल, आणि पुष्कळांना वाटते त्यापेक्षा कमी पैशात येईल. मात्र त्यासाठी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. एक, ध्वनी खोलीत कसा वागतो. आणि दुसरी, त्या खोलीवर हक्क कोणाकोणाचा आहे.

स्टिरिओ म्हणजे काय?

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. आपल्याला दोन कान आहेत. उजव्या हाताला कोणी टाळी वाजवली, तर तो आवाज उजव्या कानाला आधी आणि थोडा मोठा पोचतो, डाव्याला नंतर आणि थोडा लहान. हा फरक जास्तीत जास्त किती? तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दोन तृतीयांश इतका. एवढ्या सूक्ष्म फरकावरून मेंदू आवाजाची दिशा ओळखतो. अॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली याच तत्त्वावर दोन मार्गांनी ध्वनी मुद्रित करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. अशा तबकड्या सर्वसाधारण बाजारात येण्यास १९५७-५८ साल उजाडले.

समोर दोन स्पीकर असतात. त्यांतून थोडे वेगवेगळे ध्वनी येतात आणि ऐकणाऱ्याला मधल्या मोकळ्या जागेत गवई बसल्याचा, एका बाजूस तबला व दुसऱ्या बाजूस पेटी असल्याचा भास होतो. हा भास होणे म्हणजे स्टिरिओ. यावरून एक गोष्ट लगेच ध्यानात येईल. आजकाल फोनला बिनतारी जोडण्याचा जो एकच लहानसा डबा मिळतो, त्यात दोन स्पीकर असले तरी ते एकमेकांपासून वीतभर अंतरावर असतात. त्यातून गाणे ऐकू येईल, पण हा भास होणार नाही. तेव्हा स्टिरिओसाठी पहिली अट मोठ्या आवाजाची नाही, तर दोन स्पीकरांमधल्या अंतराची आहे.

खोली हेही एक वाद्य आहे

आता खोलीकडे वळू. मुंबईच्या बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात उभ्या राहिल्या. त्यांतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. आज त्या चाळींच्या जागी मोठी घरे होत आहेत, परंतु चाळीत असो, वन रूम किचनमध्ये असो वा चार मुले मिळून राहतात त्या भाड्याच्या जागेत असो, एवढ्याच आकाराच्या खोलीत राहणारी माणसे सर्व शहरांत आहेत. म्हणून उदाहरणासाठी १६ फूट लांब, १० फूट रुंद अशी खोली घेऊ.

तंबोऱ्याची तार ठरावीक लांबीची असली म्हणजे ठरावीक सूर देते. दोन भिंतींमधल्या हवेचेही तसेच आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. १६ फुटांच्या अंतरात सेकंदाला सुमारे ३५ आणि ७१ कंपनांचे सूर घुमतात, १० फुटांच्या अंतरात ५६ कंपनांचा. छतही १० फुटांवर असले, तर ५६ चा घुमारा दुणावतो. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गवयाचा मध्य षड्ज सुमारे १३९ कंपनांचा असतो आणि त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६९. हा खर्ज आपल्या खोलीच्या ७१ च्या अगदी शेजारी येऊन बसतो! म्हणून मोठे यंत्र लहान खोलीत लावले की काही सूर ढोलासारखे घुमतात आणि गाण्याचे शब्द त्याखाली दबतात. लोक म्हणतात यंत्र वाईट आहे. वस्तुतः पुष्कळदा तो दोष खोलीचा आणि बसण्याच्या जागेचा असतो. हा घुमारा भिंतीलगत सर्वांत जास्त असतो आणि कोपऱ्यात त्याहून जास्त. तेव्हा स्पीकर कोपऱ्यात ठेवणे आणि आपण पाठ भिंतीला टेकून बसणे, या दोन सवयी सोडल्या तरी निम्मे काम होते.

या हिशेबातून दुसराही लाभ होतो. आपल्या गायनाला बहुतेक वेळा ६० कंपनांच्या खालचे काही लागत नाही. म्हणून पाच किंवा साडेसहा इंची पडद्याचे साधे, शेल्फावर मावणारे स्पीकर अभंग, नाट्यसंगीत, ख्याल, भावगीत यांना पुरेसे होतात. जमिनीवर ठेवायचा मोठा सबवूफर लहान खोलीत घुमारा वाढवतो आणि शेजाऱ्याची भिंत हलवतो. गाण्यात त्याने फारशी भर पडत नाही.

राहिला प्रश्न खणखणीत आवाजाचा. शहाबादी फरशी किंवा टाइल्स, चुन्याच्या किंवा सिमेंटच्या उघड्या भिंती आणि पोलादी कपाट, यांवरून ध्वनी आदळून परत येतो. खोलीच्या मध्यावर उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून झणझण असा आवाज आला, तर खोलीला मऊ वस्तूंची गरज आहे असे समजावे. यासाठी बाजारातून काही आणण्याचे कारण नाही. स्पीकर आणि आपण यांच्यामध्ये सतरंजीवर एक जाड गोधडी पसरा. अंथरुणाच्या वळकट्या समोरच्या कोपऱ्यात रचा. पुस्तकांची फळी असेल तर फारच उत्तम. पातळ पडदा केवळ वरचे सूर शोषतो, जाड गादी मधलेही शोषते, खालचे सूर मात्र कापडाला जुमानत नाहीत. त्यांना जागा बदलूनच आवरावे लागते. मांडणीवरची भांडी किंवा कपाटाचे दार एखाद्या सुराला थरथरत असेल, तर तिथे कागदाची घडी किंवा रबराचा तुकडा घालावा.

वॅटचा हिशेब

दुकानात गेलो की पहिला प्रश्न येतो, किती वॅटचा पाहिजे? मागील शतकाच्या अखेरीस तर खोक्यांवर पी. एम. पी. ओ. म्हणून हजारो वॅटचे आकडे छापलेले असत. वेतनाच्या चिठ्ठीवर एकूण आकडा मोठा आणि हातात येणारी रक्कम लहान, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या आकड्यांचा अर्थ सांगायला नको. यंत्र सतत देऊ शकेल ती शक्ती आर. एम. एस. या नावाखाली लिहिलेली असते. तेवढीच पाहावी.

आपल्याला शक्ती लागते तरी किती? साधारण स्पीकरला एक वॅट दिला, तर एक मीटरवर सुमारे ८६ डेसिबल इतका आवाज मिळतो. माणसांचे नेहमीचे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. घरात गाणे ७० डेसिबलने ऐकले तर ते भरदार वाटते. दोन स्पीकर असून आपण चारपाच फुटांवर बसलो, तर या ७० डेसिबलना एका वॅटचा सुमारे पन्नासावा हिस्सा पुरतो! तबल्याची थाप किंवा तान वर उसळते, तेव्हा क्षणभर याच्या पन्नास ते शंभर पट शक्ती लागते, म्हणजे एक ते दोन वॅट. तेव्हा २० ते २५ आर. एम. एस. वॅटचा अॅम्प्लिफायर या खोलीला रग्गड झाला.

म्हणून पैशाची वाटणी अशी करावी. निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक पैसे स्पीकरांवर घालावेत, कारण यंत्रांमधला मोठा फरक तिथेच असतो. उरलेल्यांत अॅम्प्लिफायर. गाणे पुरवायला फोन किंवा जुना संगणक घरात असतोच. अॅम्प्लिफायर आतच बसवलेले स्पीकरही मिळतात, त्यांनी तारांचा पसारा वाचतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत हिंडून पाहावे. जुना माल घेण्यात कमीपणा नाही. मात्र स्पीकरच्या पडद्याची रबरी किंवा फोमची कड कुजलेली नाही ना, हे बोटाने पाहावे आणि दुकानदाराला ओळखीचे एक गाणे हळू आवाजात लावायला सांगावे. मोठ्या आवाजात सारेच स्पीकर काही क्षण चांगले वाटतात.

जवळ बसा, हळू वाजवा

या सर्व विवेचनाचे सार मी एका ओळीत सांगतो. जवळ बसा आणि हळू वाजवा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की स्पीकरकडून थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे दहा फुटांऐवजी पाच फुटांवर बसलो, तर चौथाई शक्तीत तोच थेट आवाज मिळतो. शिवाय भिंतीवरून येणारा परतावा त्यामानाने कमी राहतो, शब्द स्वच्छ होतात, आणि शेजाऱ्याकडे जाणारा ध्वनीही चौथाईवर येतो. आपला लाभ आणि शेजाऱ्याचा लाभ एकाच उपायाने साधण्याचे असे प्रसंग व्यवहारात थोडेच येतात.

आता मांडणी. चाळीत खोल्या एका रांगेत असतात. आपल्या दोन लांब भिंतींपलीकडे दोन शेजारी असतात, आणि आखूड भिंतींपैकी एक गॅलरीकडे, दुसरी बाहेरच्या खिडकीकडे. म्हणून स्पीकर शक्यतो खिडकीच्या भिंतीपाशी, खिडकीच्या दोन बाजूंस ठेवावेत. शेजाऱ्याच्या भिंतीत खिळे ठोकून ते टांगू नयेत, कारण मग ती भिंतच वाजू लागते. दोहोंत साडेचार फुटांचे अंतर ठेवावे, भिंतीपासून निदान वीतभर पुढे घ्यावेत आणि खाली रबराचे तुकडे घालावेत. मागे भोक असलेला स्पीकर भिंतीजवळ फार घुमत असेल, तर त्या भोकात एक पायमोजा कोंबावा. आपण दोन्हींपासून साडेचार ते पाच फुटांवर बसावे, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या असा त्रिकोण होतो. हा सारा संसार खोलीच्या एक तृतीयांश भागात आटोपतो. बाकीची खोली घरच्यांना मोकळी राहते.

उंचीविषयी एक सूचना. परदेशी पुस्तकांत दिलेली स्पीकरची उंची खुर्चीवर बसणाऱ्याच्या कानाशी जुळवलेली असते. आपण मांडी घालून खाली बसतो, तेव्हा आपले कान जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असतात. स्पीकरचा वरचा लहान पडदा, ज्यातून सूक्ष्म सूर येतात, तो त्या पातळीवर असावा. दोन लाकडी पाट किंवा मजबूत पेट्या रचल्या तरी भागते. पोटमाळ्यावर ठेवावे लागले, तर स्पीकर पुढे झुकवून त्याचे तोंड कानाकडे करावे.

मांडणी साधली की नाही, हे जुन्या ध्वनिमुद्रणावर तपासावे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ किंवा त्या काळातली कोणतीही तबकडी एकमार्गी आहे. म्हणजे दोन्ही स्पीकरांतून तोच ध्वनी येतो. अशा वेळी गाणाऱ्याचा आवाज नेमका दोहोंच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेले नाही तिथून आला पाहिजे. तो एका अंगाला ओढला जात असेल, तर अंतरे पुन्हा मोजावीत. आवाज सगळीकडे पांगलेला आणि पोकळ वाटत असेल, तर एका स्पीकरच्या लाल व काळ्या तारांची अदलाबदल झाली आहे असे समजावे.

ज्यांची हयात साचेखात्यात किंवा ठोकाठोकीच्या कामात गेली, त्यांच्यासाठी जवळ बसण्याला आणखी अर्थ आहे. गोंगाटाने कान जातात तेव्हा आधी सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपासचे सूर जातात. बोलणे ऐकू येते पण ‘स’, ‘श’, ‘त’ ही अक्षरे पुसट होतात. मग असा माणूस आवाज वाढवतो आणि घरात खटके उडतात. नुसता आवाज वाढवल्याने खालचे सूरही वाढतात आणि अक्षरे तशीच पुसट राहतात. त्याला स्पीकरच्या जवळ बसवा, स्पीकर त्याच्या कानाकडे वळवा आणि वरच्या सुरांचे बटण थोडे वाढवा.

चांगली जागा एकट्याची नव्हे

त्रिकोणाच्या टोकाला बसणाऱ्यालाच पूर्ण स्टिरिओ मिळतो, ही या शास्त्रातली अडचण आहे. फूटभर अंतराचा फरक पडला की सारा आवाज जवळच्या स्पीकरमधून येतो असे वाटू लागते. बहुतेक घरांत ती जागा कोणाची, हे न बोलता ठरलेले असते, आणि ओट्याशी उभ्या असलेल्या बाईच्या वाट्याला उरलेला आवाज येतो. याला एक उपाय आहे. दोन्ही स्पीकर आत इतके वळवा, की त्यांची समोरची रेघ तुमच्या डोक्यामागे न मिळता तुमच्या पुढेच फूटभर अंतरावर एकमेकींना छेदील. मग डावीकडे सरकणारा माणूस डाव्या स्पीकरच्या जवळ जातो खरा, पण त्याच्या तोंडासमोरून हटतो, आणि लांबचा उजवा स्पीकर नेमका त्याच्याकडे तोंड करून असतो. जवळीक आणि रोख यांची अशी फेड होऊन तीन माणसांना शेजारी शेजारी बसून बरा स्टिरिओ मिळतो. अगदी मधल्या माणसाचे सुख किंचित कमी होते, तेवढे त्याने सोसावे.

शेजारी, कायदा आणि करार

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. खाजगी यंत्राचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. हे नियम माहीत असावेत. परंतु रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येणाऱ्या माणसाची रात्र दुपारी असते, आणि कायद्याच्या रात्रीत ती बसत नाही. सकाळी अकरा वाजता, ५५ डेसिबलच्या आत, सर्व नियम पाळून तुम्ही त्याची झोप मोडू शकता. झोप मोडलेला माणूस त्याच रात्री पुन्हा यंत्रापुढे किंवा गाडीच्या चाकामागे बसतो. बोट जाते, कधी जीवही जातो. तिथे कायदा पोचत नाही. तिथे करारच लागतो.

करार करण्याआधी वस्तुस्थिती मोजावी. शेजाऱ्याला विश्वासात घ्या. आपल्या घरात गाणे लावा आणि त्याच्या खोलीत, त्याच्या उशीपाशी जाऊन बसा. घरातल्या कोणाला बटण हळूहळू वाढवायला सांगा. जिथे शेजारी ‘बस’ म्हणेल, तिथे बटणावर नखरंगाचा एक ठिपका द्या. दार उघडे ठेवून एक आणि बंद ठेवून एक, असे दोन ठिपके लागतील. भिंत कितीही जाड असली तरी उघड्या दारातून आवाज गॅलरीभर जातो. बटणाऐवजी आकडे दिसत असतील, तर ते आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. आणखी एक ध्यानात असू द्या. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. म्हणून डग्गा ऐकू यावा यासाठी माणूस बास वाढवतो. पण भिंतीतून पलीकडे सर्वांत सहज जातो तोही खालचाच सूर. तेव्हा दिवसा थोडा बास वाढवला तर चालेल, रात्री मात्र तो उतरवावा.

घरातला करार चार कलमांचा पुरे. झोपलेल्या माणसाचा हक्क पहिला, मग तो कोणत्याही वेळी झोपलेला असो. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाचे तास ठरवून ते तास शांततेचे. काय लावायचे, याची पाळी प्रत्येकाला, त्यात सून आणि शाळकरी मूलही आले. आणि बटणाला हात लावण्याचा अधिकार सर्वांना, पण ठिपक्याच्या पुढे कोणालाच नाही. कानावर लावायचे हेडफोन जरूर जवळ असावेत, रात्री उशिरा तोच मार्ग. परंतु नेहमीसाठी तेवढ्यावर भागवू नये. एका खोलीतली पाच माणसे पाच वेगळी गाणी ऐकत बसली, तर भांडण मिटते हे खरे, पण कालच्या बैठकीत कोणती जागा छान लागली होती, हे बोलायला कोणी उरत नाही.

कोणी म्हणेल की, एवढे नियम पाळायचे तर गाण्याची मजा काय राहिली? अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण गरिबाला गप्प बसवण्यासाठी पुष्कळ वापरली गेली आहे, त्या अर्थाने मी ती मानत नाही. मोठे घर मागण्याचा आपला हक्क कायम आहे आणि ती मागणी आपण करीतच राहू. पण तोवर गाणे थांबवून ठेवण्याचे कारण नाही. सारखे अंतर, योग्य उंची, एक गोधडी, दोन ठिपके आणि घरच्यांची व शेजाऱ्यांची संमती, एवढ्या भांडवलावर १६० चौरस फुटांतही गवई मधोमध येऊन बसतो. येत्या रविवारी एक मोजपट्टी घ्या आणि घरातले स्पीकर आज कुठे आहेत ते मोजून पाहा. आणि आवाज वाढवण्यापूर्वी शेजारचे दार ठोठावून विचारा, आत कोणी झोपले आहे काय?